पाण्याची कड : भीमा-नीरेच्या काठी मगर आणि वाटसरू

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पाण्याकाठी येणाऱ्या परक्या माणसाचा विषय निघाला, की भिगवणच्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रे घ्यायला आलेला पुण्याचा पर्यटक डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात ज्यांचे अंग नदीच्या पाण्याला लागते अशा वाटसरूंमध्ये त्याचा वाटा अगदी थोडा आहे. आषाढीच्या वारीत तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पंढरीकडे जाणारे वारकरी, दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून साखर कारखान्यांच्या हंगामासाठी उतरणारे ऊसतोड मजूर, मेंढरांचे वाडे घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर आणि नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर स्नानासाठी थांबणारे भाविक हे सगळेच येथे वाटसरू आहेत. मगरीपासून वाटसरूने स्वतःला कसे जपावे हा प्रश्न या सर्वांना धरून विचारावा लागतो. आणि त्याचे उत्तर ज्यांचे पोट पाण्यावर आहे त्या होडीवाल्यांच्या, मासेमारांच्या, नदीत मोटारी टाकणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि वनरक्षकांच्या रोजच्या कामातून तयार झालेल्या शहाणपणात शोधावे लागते, कारण ते शहाणपण फलकांवर क्वचितच उतरलेले असते.

या भागाचे पाणी मुळात माणसाने अडवलेले आणि वळवलेले पाणी आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ पासून बारामती-इंदापूरच्या रानांतून वाहतो. त्याला पाणी पुरवणारे भाटघर धरण १९२८ चे, आणि वीरचे त्यानंतरचे. कऱ्हा बारामती शहरातून पुढे जाऊन सोनगावजवळ नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते, आणि भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला जाऊन मिळते, म्हणजे हा सारा प्रदेश कृष्णेच्याच खोऱ्यात मोडतो. नीरेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. या बंधाऱ्यांत दगडी अथवा काँक्रीटच्या खांबांमधल्या खाचांत पावसाळा ओसरताना ढापे, म्हणजे फळ्या, टाकून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून घेतात, त्यामुळे एरवी उन्हाळ्यात डबक्यांपुरती उरली असती अशी नदी बंधाऱ्यामागे मैलभर संथ आणि खोल राहते. भीमेवरच्या उजनीची गोष्ट त्याहून मोठी. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट आहे, आणि तिच्यापैकी निम्म्याहून अधिक हा मृतसाठा आहे. कालव्याच्या किंवा दरवाज्याच्या पातळीखाली राहणारे, एरवी बाहेर न काढता येणारे पाणी ते मृतसाठा. धरण 'उणे' झाले अशी बातमी येते तेव्हाही यशवंतसागर या तिच्या जलाशयात कित्येक टीएमसी पाणी असते. संथ, खोल, माशांनी भरलेले आणि कधीही न आटणारे पाणी हे मगरीच्या दृष्टीने घराचे वर्णन झाले.

उजनीच्या पाणलोटात मगर दिसल्याच्या वार्ता अधूनमधून येतात आणि प्रत्येक वेळी मासेमारांत काही दिवस चलबिचल होते. मात्र मगर आणि माणूस यांच्या सहवासाची खरी शाळा याच खोऱ्यात दक्षिणेला, सांगलीच्या कृष्णाकाठी आहे. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज या पट्ट्यात मगरींनी माणसे ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यांचा तपशील पाहिला तर बळी पडलेल्यांत पोहायला उतरलेली मुले, धुणे धुणाऱ्या बायका, मासेमार आणि मोटारीपाशी गेलेले शेतकरी, म्हणजे काठावरचीच माणसे, वारंवार आढळतात. जी माणसे पाणी ओळखतात तीच का सापडतात, या प्रश्नात वाटसरूच्या सुरक्षिततेचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

महाराष्ट्राच्या नद्यांत आढळते ती गोड्या पाण्यातली, रुंद तोंडाची दलदली मगर. बोलताना पुष्कळ लोक तिलाच सुसर म्हणतात. प्राणिशास्त्रातली सुसर वेगळी, लांब चिंचोळ्या जबड्याची आणि मुख्यतः माशांवर जगणारी असते, आणि ती भीमा-नीरेत नाही. पूर्ण वाढलेला नर चार मीटरच्या आसपास, क्वचित त्याहूनही लांब भरतो. हा शीतरक्ताचा प्राणी आहे, म्हणजे शरीराचे तापमान राखण्यासाठी तो बाहेरच्या उन्हावर आणि पाण्यावर अवलंबून असतो. म्हणून हिवाळ्यात सकाळी ऊन खात काठावर तासन्‌तास पडून राहतो आणि उन्हाळ्यात दिवसा पाण्यात किंवा काठाच्या दरडीत कोरलेल्या बिळात राहून संध्याकाळनंतर हालचाल करतो. डोळे, नाकपुड्या आणि कानाच्या फटी तिन्ही डोक्याच्या वरच्या पातळीत असल्याने अख्खे धूड पाण्याखाली ठेवून तो पाहू, श्वास घेऊ आणि ऐकू शकतो, आणि निवांत असताना तासभरही पाण्याखाली राहू शकतो. पाण्यात काही दिसत नाही म्हणजे काही नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

मगर पाठलाग करून शिकार करीत नाही, ती दबा धरते. पाणी पिण्यासाठी खाली मान घातलेले जनावर, कळशी बुडवण्यासाठी वाकलेली बाई, पाय धुण्यासाठी उकिडवा बसलेला माणूस या सगळ्या आकृती पाण्याच्या पातळीजवळ, लहान आणि बेसावध असतात, आणि मगरीची झेप साधारण तिच्या अंगाच्या लांबीएवढ्या अंतरातच परिणामकारक ठरते. म्हणजे धोक्याचा खरा पट्टा चिंचोळा आहे: गुडघाभर पाण्यापासून काठावरच्या तीन-चार मीटर ओल्या जमिनीपर्यंतचा. नदीच्या मध्यावर चाललेल्या भक्कम होडीत माणूस जितका सुरक्षित आहे त्याहून कितीतरी अधिक असुरक्षित तो होडीत चढताना आणि उतरताना असतो. त्यातच मगरीची स्मरणशक्ती चांगली. एका ठिकाणी एका वेळेला रोज कोणी येते हे ती टिपते. काठावरचा माणूस सापडतो तो अज्ञानाने नाही, सवयीने. रोजच्या पायवाटेने, रोजच्या दगडावर, रोजच्या वेळेला तो येतो आणि काल काही झाले नाही म्हणून आज पाहत नाही. वाटसरूला ही सवय नसते, ही त्याची जमेची बाजू. पण तो मुक्काम ठोकतो तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचीही पायवाट पडते, आणि तेथून तो काठावरच्या माणसाच्या जोखमीत शिरतो, तेही काठावरच्या माणसाची नजर नसताना.

ही नजर म्हणजे काय, हे जवळून पाहण्याजोगे आहे. उजनीकाठचा, कुंभारगाव किंवा डिकसळकडचा जुना होडीवाला होडी काठाला लावण्यापूर्वी काठ वाचतो. चिखलात पोटाने घासत गेल्याचा गुळगुळीत पट्टा, त्याच्या मधोमध शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्ही अंगांना नखांसह उमटलेली पावले दिसली, तर तेथून मगर पाण्यात उतरली किंवा वर आली आहे. पट्ट्याच्या कडा ओल्या आणि धारदार असतील तर नुकतीच, वाळून भेगाळल्या असतील तर जुनी गोष्ट. घोरपडीचा मागही असाच, पण बराच अरुंद असतो. वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी पडणारी विष्ठा ही दुसरी खूण. एरवी बगळे आणि शेकाट्या जेथे बिनधास्त चरतात तो तुकडा एखाद्या सकाळी कारणाशिवाय मोकळा दिसला, तरी जाणता माणूस होडी पंचवीस पावले पुढे नेतो आणि त्याबद्दल काही बोलत नाही. पर्यटकाला हा वेळकाढूपणा वाटतो, छायाचित्राचा कोन गेला म्हणून तो कुरकुरतो; परंतु होडीवाल्याच्या अशा न सांगितलेल्या नकारांत वर्षानुवर्षांचे काम साठलेले असते आणि तेथे कारण विचारीत बसण्यापेक्षा ऐकणे श्रेयस्कर.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे हटू लागले, की काठचे शेतकरी चाऱ्या खोदून, पाइपाला पाइप जोडून मोटारी पाण्यामागे सरकवत नेतात. मागे उघड्या पडलेल्या गाळात काहीजण गाळपेर करतात, म्हणजे ओलाव्यावर पीक घेतात. मोटार सरकवणे हे कमरेएवढ्या चिखलपाण्यात उभे राहून, खाली वाकून, दोन्ही हात गुंतवून करायचे काम असल्यामुळे ते एकट्याने करू नये, एकाने पाण्यात असताना दुसऱ्याने केवळ पाण्याकडे पाहत काठावर उभे राहावे, हा शहाण्यांचा शिरस्ता आहे. हा दुसरा माणूस रिकामा उभा आहे असे ज्याला वाटते त्याने शेती पाहिली आहे, पण पाणी पाहिलेले नाही. पाण्यात दगड मारले, डबा वाजवला की मगर पळून जाते ही मात्र भाबडी समजूत आहे. आवाजाने ती बहुधा केवळ बुडी मारते, आणि मग जी दिसत होती तीही दिसेनाशी होते.

ऋतूंचे भान यात महत्त्वाचे. हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत मादी पाण्यापासून काही अंतरावर वाळूत किंवा मातीत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते, दोनेक महिने घरट्याच्या आसपास राहते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर पडली की त्यांना जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. या काळात ती अंगावर येते ती भुकेपोटी नाही, राखणीपोटी. नदीतली वाळू उपसून नेल्यामुळे घरट्यांच्या आणि ऊन खाण्याच्या जागा कमी झाल्या, आणि मगर दरडीकडे व मळईच्या शेतांकडे सरकली, अशी कृष्णाकाठच्या निसर्ग अभ्यासकांची तक्रार आहे. भीमेच्या पात्रात वाळूउपशाच्या बोटी महसूल खात्याने स्फोटाने उडवल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ती तक्रार येथेही अपरिचित वाटू नये. पावसाळ्यात पुन्हा वेगळेच. पुराच्या पाण्याबरोबर मगर ओढे, चर, उसाची शेते आणि रस्तेही गाठते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्याच्या रायबाग तालुक्यात ती एका घराच्या छपरावर चढून बसली होती, आणि जून २०२४ च्या अखेरीस चिपळूणच्या रस्त्यावर भर पावसात ती चालताना लोकांनी पाहिली. रात्री पाणी आलेल्या पुलावरून किंवा ओढ्यातून गाडी ढकलत नेणे वाहून जाण्याच्या भीतीनेच टाळायला हवे. मगरीचे कारण तेथे दुय्यम आहे.

दुय्यम कारण कोणते आणि मुख्य कोणते, हा विवेक पर्यटकांच्या बाबतीत तर विशेष राखावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीपासून कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वन विभागाची गवताळ प्रदेशातली सफारी सुरू झाल्यावर सकाळी चिंकारा आणि लांडगा, दुपारी भिगवणचे रोहित असा बेत आखून येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे, आणि त्यांपैकी अनेकांचा होडीत बसताना पहिला प्रश्न 'मगर आहे का?' असा असतो. दुसरा प्रश्न, होडीत जीवरक्षक जाकिटे आहेत का हा, फार थोडे विचारतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. उजनीच्या पाण्यात वारा हा मगरीपेक्षा मोठा शत्रू आहे. जाकीट अंगावर नसेल तर होडीत बसू नये, उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून आले की आत जाऊ नये, आणि होडीबाहेर हात सोडून पाणी उडवीत बसू नये. शेवटची सूचना तेवढी मगरीसाठी, बाकीच्या जीव वाचवण्यासाठी.

वारकऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे पाण्यात उतरणे हाच मुळी आचाराचा भाग असतो. सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घडते, त्यानंतर पालखी नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते, आणि पादुकांच्या स्नानाबरोबर हजारो वारकरी नदीत उतरतात. गर्दी, गोंगाट आणि दिवसाचा उजेड असताना मगर जवळ येण्याची शक्यता फारच कमी; खरा विचार करायचा तो आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी भल्या पहाटे मुख्य घाट सोडून वरच्या किंवा खालच्या अंगाला एकेकट्याने आंघोळीला, धुण्याला किंवा परसाकडला जाणाऱ्यांचा. दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांना गर्दी नकोशी होते, बायकांना आडोसा हवा असतो, म्हणून ही मंडळी झाडीची, दरडीची, निवांत जागा शोधतात, आणि निवांत जागेची मगरीची व्याख्याही तीच आहे. दिंडीच्या चालकांनी स्नानाची जागा आणि वेळ एकच ठेवणे, घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून तांब्याने अंगावर पाणी घेणे आणि उजाडल्याशिवाय पाण्याकडे कोणाला न सोडणे, एवढ्यावर काम भागते. श्रीलंकेत नदीच्या काठी पाण्यात दाट खांब किंवा जाळी उभारून आंघोळीपुरता तुकडा बंदिस्त करण्याची जुनी पद्धत आहे. तिला तेथे 'किंबुला कोटुवा', म्हणजे मगरीपासूनचा कोट, म्हणतात. नरसिंहपूरच्या घाटाला किंवा सराटीला पालखीच्या दोन दिवसांपुरता असा कोट उभारणे हे मंडप घालण्याहून अवघड काम नाही, आणि मगर नसली तरी त्याने प्रवाहात घसरणारे चार जण वाचतील.

तरीही सर्वांत जास्त काळ, सर्वांत कमी सोयीनिशी आणि सर्वांत धोक्याच्या वेळेला पाण्याकाठी जाणारा वाटसरू म्हणजे ऊसतोड मजूर. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांच्या हंगामात टोळ्या येतात आणि उसाच्या फडाजवळ, बहुधा नदी, ओढा किंवा कालवा जवळ करून, आपल्या कोप्या घालतात. पाचटाची किंवा ताडपत्रीची ही झोपडी चार-पाच महिने त्यांचे घर असते. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटे अंधारात उठतो. बाई त्याआधी उठून पाणी आणते, स्वयंपाक करते, आणि दिवसभर फडात राबून दिवेलागणीला पुन्हा पाण्यावर जाते ती भांडी, धुणी आणि आंघोळ उरकायला. मागे राहिलेली मुले दिवसभर काठावर खेळतात. संध्याकाळी गाडीचे बैल पाण्यावर नेले जातात. मगरीची हालचाल वाढते त्या दोन्ही संधिप्रकाशांत या माणसांचे पाण्याशी काम असते, आणि ते रोज त्याच जागी असते. सवय आणि परकेपणा या दोन्ही उण्या बाजू ज्याच्या वाट्याला एकाच वेळी येतात असा हा एकच वाटसरू आहे, आणि सुरक्षिततेविषयीच्या कोणत्याही पत्रकात त्याचे नाव सहसा नसते.

त्याला सांगण्यासारखे थोडे आहे, कारण कित्येक गोष्टी त्याच्या हातातच नाहीत. पाणी काढायचेच असेल तर वाकून कळशी बुडवण्यापेक्षा दोर बांधलेली बादली उभ्याने, उंच दरडीवरून किंवा बंधाऱ्याच्या भिंतीवरून टाकावी. धुणे काठावर न बडवता पाणी वर आणून चार-पाच मीटर मागे दगड मांडावा. खरकटे, मेलेल्या कोंबड्या, मासळीची घाण पाण्यात किंवा काठावर टाकू नये. या दोन तालुक्यांत कुक्कुटपालनाची शेडे पुष्कळ आहेत आणि मेलेले पक्षी नदीत फेकण्याची घाणेरडी खोड कोणत्याही मजुराची नाही, ती शेडवाल्यांची आहे, पण त्या वासाला मगर आणि कुत्री दोन्ही येतात आणि कुत्र्याच्या मागे मगर काठाला येते. बैलाला पाण्यावर नेताना माणसाने बैलाच्या पुढे उतरू नये. रात्री पाण्याकडे जावेच लागले तर विजेरी कपाळाच्या पातळीवर धरून पाण्यावर सावकाश फिरवावी: मगरीच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे तिचे डोळे तांबूस निखाऱ्यासारखे चमकतात; मात्र बुडालेल्या मगरीचे डोळे चमकत नाहीत, तेव्हा काही दिसले नाही याचा अर्थ रान मोकळे असा घेऊ नये. ऊस तोडताना नदीकडेच्या शेवटच्या सरीत विशेष जपावे, कारण कृष्णाकाठच्या फडांत तोडणीच्या वेळी मगरी आणि त्यांची पिल्ले निघाली आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात मुक्कामाचा तंबू पाण्यापासून किमान ५० मीटर दूर आणि भरतीरेषेपासून किमान २ मीटर उंचावर असावा, असे अधिकृतपणे सांगितले जाते. तेथली खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या मगरीहून कितीतरी मोठी आणि आक्रमक असली, तरी ५० मीटरचा हा दंडक कोपी घालताना जसाच्या तसा उचलावा. मुलांच्या दृष्टीने तर तो अंमळ कमीच आहे.

इतकी काळजी घेऊनही प्रसंग ओढवला, तर जमिनीवर सरळ पाण्यापासून दूर पळावे; नागमोडी पळण्याचा सल्ला ऐकीव आहे, त्याने अंतर वाढण्याऐवजी घटते. मगर जमिनीवर जोर धरते तो थोड्या पावलांपुरता. तिने पाय किंवा हात धरलाच, तर तिच्या डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर मिळेल त्या वस्तूने, काही नसेल तर बोटांनी, पूर्ण ताकदीने घाव घालणे हा एकच मार्ग. जबडा उचकटण्याचा प्रयत्न व्यर्थ, कारण जबडा मिटण्याचे तिचे स्नायू प्रचंड बळकट असतात. उघडण्याचे स्नायू मात्र दुबळे असतात, म्हणूनच वन विभागाची माणसे तिच्या डोळ्यांवर ओले पोते टाकून साध्या दोरीने किंवा चिकटपट्टीने जबडा बांधू शकतात. हे वाचून कोणी तो प्रयोग घरी करू नये. सोबतच्यांनी पाण्यात उडी न घेता काठावरून काठी, दोर, ताडपत्री पुढे करावी आणि माणसाला धरून ठेवावे. सुटलेल्या माणसाच्या जखमेवर हळद, तंबाखू, चहापत्ती भरू नये; स्वच्छ कापडाने घट्ट दाबून रक्त थांबवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. जखम लहान दिसली तरी जावे, कारण मगरीच्या तोंडातले आणि नदीच्या पाण्यातले जंतू खोल शिरलेले असतात आणि धनुर्वाताची लस व प्रतिजैविके यांना पर्याय नसतो. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग असल्याने त्याची भीती मात्र येथे नाही.

मगर दिसली आणि काही घडले नाही, हा प्रसंग त्याहून कितीतरी अधिक वेळा येतो, आणि तो निभावण्यात आपला समाज कच्चा आहे. पाचव्या मिनिटाला गर्दी जमते, दहाव्या मिनिटाला मोबाइल उंचावलेला एक तरुण तिच्यापासून चार हातांवर असतो, कोणीतरी शेपटीला काठी लावून पाहतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत मगरीचा समावेश आहे. तिला मारणे, पकडणे, छेडणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. दोर लावून तासभर झुंजवलेली मगर पुढे अतिश्रमाने मरूही शकते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, लोकांना मागे सारावे आणि तिला पाण्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवावी. बहुतेक वेळा ती स्वतःच निघून जाते. 'पकडून दुसरीकडे सोडा' ही गावसभेत हमखास होणारी मागणी समजण्याजोगी असली, तरी तिचा फारसा उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात उपग्रहावरून माग ठेवलेल्या मगरी शेकडो किलोमीटर अंतर कापून मूळ जागी परतल्या आहेत, आणि एक मोठी मगर हलवली की तिच्या रिकाम्या डोहात दुसरी येते. गुजरातच्या चरोतर भागात गावतळ्यांतल्या मगरींबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी गावे आहेत. तेथे मगर खोडियार मातेचे वाहन मानली जाते. पण नुसत्या श्रद्धेवर ते निभत नाही, तळ्याचा कोणता भाग कोणाचा हे त्या गावांनी ठरवून घेतलेले असते. भीमा-नीरेच्या काठी तसे काही ठरलेले नाही, आणि मगरी विरळ आहेत तोवरच ते ठरवून घेणे सोपे आहे.

त्यात पहिले काम शेतकऱ्याचे, टोळी आणणाऱ्या मुकादमाचे आणि कारखान्याच्या शेतकी खात्याचे आहे. नदीवर मोटार बसवून दोन-दोन किलोमीटर लांब उसापर्यंत पाणी नेणाऱ्या शेतकऱ्याला त्याच वाहिनीतून तोडकऱ्यांच्या कोपीपर्यंत एक नळ काढून देणे मुळीच जड नाही. पाण्यापासून ५० मीटर दूर कोपीची जागा नेमून देणे, तेथे एक टाकी ठेवणे आणि एक दिवा लावणे हे टोळी उतरण्याच्या दिवशीच झाले पाहिजे. पुढच्या हंगामाचे करार उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन पावसाळ्याच्या आधीच होऊ लागतात. त्या करारात उचलीच्या रकमेखाली पाण्याच्या नळाची ओळ लिहून घ्यावी, आणि ज्या शेतकऱ्याला ती मान्य नसेल त्याच्या फडावर मुकादमाने टोळी उतरवू नये.